कडेवर

चंद्रमतीने आयुष्यातलं पहिलं चित्र विकत घेतलं, मद्रासहून बसने मांडीवर धरून तंजावुरास आणलं, वरचा पुठ्ठा सोडवला, आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खोडरबर घेऊन त्याचा खालचा एक कोपरा पुसून टाकला.

कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 7/30. चंद्रमती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तीसपैकी सात म्हणजे काय, हे तिला कोणी समजवायला नको होतं. असे सात ती स्वतःच्या हाताने दर परीक्षेला वाटत असे. पण गोपालकृष्णाला सात? कोणा मद्रासच्या दीडशहाण्याने त्याला नापास केलं होतं, आणि तेही पेन्सिलीने, म्हणजे शाईने लिहायची छाती नाही ती नाहीच. कागदाला चरा पडू न देता तिने हलक्या हाताने आकडा घालवला. मधोमध लिहिलेलं चित्राचं नाव राहू दिलं, उजवीकडची सही राहू दिली.

दोन वर्षांनी दुसरं चित्र घेतलं, त्यावर 12/25. सुधारणा होती, पण आता बाईंना शंका आली. तिने मद्रासच्या चित्रांच्या दुकानाला पत्र टाकलं. दुकानाच्या मालकीणबाईंचं इंग्रजीत उत्तर आलं, मोठं सभ्य. हे शिळाछाप आहेत. चित्रकार तेलकट खडूने गुळगुळीत दगडावर चित्र काढतो, दगडाला शाई लावून त्यावर कागद दाबतो. असे ठरलेले कागद काढले की दगड वाळूने घासून कोरा करतात, म्हणजे एकतिसावा कागद जगात कधी होत नाही. 7/30 म्हणजे तिसांतला सातवा. आकडा आणि सही चित्रकार स्वतःच्या हाताने पेन्सिलीने करतो. तीच खरेपणाची खूण. शेवटी ओळ होती, 'कृपया आकडा कधीही पुसू नये.'

ते पत्र चंद्रमतीने मेतकुटाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि डब्यावर डबा ठेवला.

गोपालकृष्ण म्हणजे तिचा मामा. सख्खा, आईचा धाकटा भाऊ, चंद्रमतीहून बारा वर्षांनी मोठा. आणि त्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. पुण्याकडच्या माणसांना हे सांगितलं की ती कानांवर हात ठेवतात. ठेवोत. इकडे मामाचा भाचीवर पहिला हक्क. मराठा राजांबरोबर आलेल्या आपल्या लोकांनी तीनशे वर्षांत इथला भात उचलला, इथली फिल्टर कॉफी उचलली, तसं हेही उचललं. पाळण्यातल्या मुलीला बघून कोणी म्हणायचं, "गोपू, तुझी बायको रडते बघ," आणि गोपू खुळखुळा वाजवायचा. सगळे हसायचे. अशा हसण्यांतूनच लग्नं ठरतात.

चंद्रमती सतरा वर्षांची झाली तेव्हा लग्न पक्कं केल्याची पानसुपारी झाली. त्या दुपारी तिची आई कमलाक्षी तिला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, "आतां मामा म्हणूं नको गे. बरं दिसत नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणूं नको. लग्नानंतर आपसूक येतं तोंडात."

तेव्हापासून ती त्याला काहीच म्हणेनाशी झाली. वाक्यंच अशी करायची की त्यात तो येऊ नये. 'कॉफी हवी का', 'कोठे जाणं झालं', 'जेवण व्हायचं आहे ना'. शाळेत जो कर्मणी प्रयोग कोणाला जमत नाही, तो तिने एका आठवड्यात पुरता कमावला.

चार महिन्यांनी गोपालकृष्ण मद्रासला गेला. कलाशाळेत शिकून तो मूर्ती घडवायचा, म्हणजे देवाच्या नव्हेत. दगडाचे आणि ब्राँझचे मोठे आकार, त्यांना ना डोळे ना नाक. आठ दिवसांत येतो म्हणाला होता. आलं ते कार्ड. त्यावर तमिळ अक्षरांत, मराठीत, एकच ओळ: 'अक्का, माझी वाट पाहू नका.' आमच्या घरांत असंच. मराठी तोंडाने, लिहायचं तमिळमध्ये. देवनागरी कोणाला येते?

का, ते लिहिलं नव्हतं. तीन वर्षांनी कळलं की त्याने तिकडे वासुकी नावाच्या विणकाम शिकवणाऱ्या बाईशी लग्न केलं. कमलाक्षीने भावाचं नाव घेणं टाकलं. लहानपणी आई वारल्यावर जिने त्याला वाढवलं, न्हाऊ घातलं, तिने टाकलं म्हणजे टाकलं. आणि चंद्रमती? वाट पाहू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करतं?

एक्याऐंशी साली शिक्षकांच्या शिबिरासाठी ती मद्रासला गेली आणि तिला त्या दुकानाच्या काचेत ते चित्र दिसलं. तिने सही ओळखली. शिल्प घेणं तिला परवडलं नसतं, आणि बसमध्ये मावलंही नसतं. कागद परवडला. कसाबसा.

चित्र काळं होतं. दगडासारखं जड काळं, जणू कागदावर नाही, कागदाच्या आत बसवलेलं. वरच्या अर्ध्यात नुसतं पाणी, आडव्या रेघांचं. खाली पाठमोरी उभी एक बाई, ओलं वस्त्र अंगाला चिकटलेलं, डोक्यावर मोठा अंबाडा. डाव्या बाजूला, कमरेवर टेकून खांद्यापर्यंत आलेला गोल घडा. आणि चित्राखाली मधोमध, पेन्सिलीने, तमिळ अक्षरांत एक शब्द. दुकानातल्या बाईंना तो कुठल्या गावाचं नाव वाटला होता. मद्रासेत तो कोणालाच वाचता आला नसता. चंद्रमतीला आला. 'कडेवर.'

कावेरीच्या कडेवर. काठावर. तिच्या घरी नदीच्या काठाला कडच म्हणत. 'कडेवर बैस, आत जाऊ नको,' हे तर तिरुवैयारुला गेलं की लहानपणी हजारदा ऐकलेलं.

काठावर पाठमोरी उभी बाई. घडा भरायला आलेली, भरूनही परत न गेलेली. वाट बघणारी. त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही, पण तिचं उभं राहणं त्याला ठाऊक होतं, आणि त्याने ते आपल्या दोघांच्याच भाषेत दगडावर लिहून ठेवलं होतं.

गणिताची बाई होती ती. पडताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहिणारी नव्हे. तिने घेतला. घडा डाव्या कडेवर. बायकाच डावीकडे घेतात. अंबाडा, पुरुषाला कुठला? उत्तर बरोबर.

मग तिची ती सवयच झाली. दोन-तीन वर्षांत एक, अशी बारा वर्षांत सहा चित्रं. बिनमुंडक्याचा बैल, देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या, उपडी पडलेली होडी. सगळ्यांवर सही, सगळ्यांवर आकडा, आणि आता आकड्याला ती बोटही लावत नसे. सह्यांवरून ती त्याची तब्येत ओळखायची. अठ्ठ्याऐंशीची सही घाईतली, नव्वदची जरा थरथरलेली. आई भिंतीकडे बघायची नाही. चित्रांवरची धूळ मात्र कोणीतरी पुसायचं, आणि मोलकरीण तर घरात नव्हती.

ब्याऐंशी साली वेंकटरावांचं स्थळ आलं. कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवायचे, शांत माणूस. कॉफी घेता घेता ते भिंतीवरच्या चित्रापाशी गेले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याच्याकडे बघून तहान लागते." चंद्रमतीला ते वाक्य फार आवडलं. माणूसही आवडला होता, खोटं कशाला बोला. पण रात्रभर विचार करून तिने नाही सांगितलं. काठावर जी उभी आहे तिने घडा टाकून कसं जायचं? वेंकटराव पुढे तंजावुरात आले, त्यांची मुलगी हल्ली तिच्याच वर्गात आहे. भूमितीत हुशार आहे, मुलखाची बडबडी.

एक्याण्णवनंतर जग बदललं म्हणतात. तंजावुरात ते असं बदललं की घराघरावर डिशच्या तबकड्या आल्या, आणि मद्रासच्या त्या दुकानात जी चित्रं पूर्वी शिक्षिका घेत, ती आता परदेशी कंपन्या ऑफिसच्या भिंतींना मोजून घेऊ लागल्या. मालकीणबाईंनी खेदाने नवे भाव कळवले. चंद्रमतीचं चित्र घेणं तिथेच थांबलं. आणि मग शहाण्णवच्या फेब्रुवारीत त्रिची रस्त्यावर नवं हॉटेल उघडलं. त्याच्या थंड हवेच्या दिवाणखान्यात बसवायला गोपालकृष्णांचं ब्राँझ घेतलं होतं, आणि ते बसवायला ते स्वतः येणार होते.

त्याचा फोन आला तो कमलाक्षीनेच घेतला. आवाज ओळखून तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "उद्यां ये. डांगर पच्चडी करते," आणि ठेवून दिला. अठ्ठावीस वर्षांचं भांडण दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाच्या एका पच्चडीवर मिटलं. चंद्रमतीला आईचा हेवा वाटला.

तिला स्वतःला काय हवं होतं? फार नाही. पहिल्या चित्रावर आकडा परत लिहून हवा होता, हे निमित्त. खरं म्हणजे त्या बाईच्या खाली तिला आपलं नाव लिहून हवं होतं. त्याच्या हाताने. संसार नको, माफी नको, काही नको. एवढं एक त्याने लिहावं की ती उभी होती हे त्याने पाहिलं. तिने रात्री चित्र खिळ्यावरून उतरवलं, चौकट सोडवली, आणि शिसपेन्सिलीला टोक केलं. तीन पेन्सिलींना.

तो आला रिक्षाने, एकटाच. वासुकीचे गुडघे धरले होते, ती हॉटेलात होती. अठ्ठावन्न वर्षांचा, पाठ वाकलेली, दाढी पांढरी; हात मात्र तेच, खोऱ्यासारखे. दारातच त्याने बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. कमलाक्षीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

"किती वाळलास रे! ती जेवायला घालते की सूतच खायला घालते?" आतून आवाज आला.

"अक्का, तिच्या हातचं सांबार तुझ्याहून बरं असतं."

"मग तिकडेच जेव."

चंद्रमती खांबाला धरून उभी होती. "बसणं व्हावं," ती म्हणाली. "पाणी आणायचं का?"

तो तिच्याकडे बघून हसला. "काय गे चंद्रा, हेडमिस्ट्रेससारखी बोलतेस."

पानावर तो दोनदा भात घेऊन जेवला. जेवण झाल्यावर तिने चित्र आणून चटईवर पसरलं. त्याने चष्मा लावला, कागद उजेडाला तिरका धरला. "नंबर कोठे गेला?"

तिने सांगितलं. तीसपैकी सात, नापास, खोडरबर, सगळं. तो हसायला लागला तो थांबेना. खोकला, डोळे पुसले, परत हसला. "अक्का, ऐकलंस? लोकांनी माझ्यावर काय काय लिहिलंय, पण पास कोणी केलं नव्हतं गे!" आतून कमलाक्षीसुद्धा हसली. घरात असं हसणं पुष्कळ वर्षांनी झालं. चंद्रमतीला वाटलं, आता. आत्ताच.

"आकडा लिहावा परत," ती म्हणाली. "आणि खाली... चित्रात कोण आहे, तेही लिहावं. नाव."

त्याने पेन्सिल डाव्या हातात घेतली. तो डावरा होता. 7/30 लिहिलं. मग थांबला आणि चित्राकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"तुला सांगू? हे तू घेतलंस, हे मला दुकानातल्या बाईंनी तेव्हाच कळवलं होतं. तंजावूरची कोणी चंद्रमती टीचर. त्या दिवशी मी वासुकीला म्हणालो, सुटलो. चंद्राला समजलं."

"काय समजलं?"

"तू गालगुंडं घेऊन बसली होतीस. चार वर्षांची. आडी महिन्यातला अठरावा दिवस, कावेरीला पूर, सगळं गाव पूजेला चाललेलं आणि तू रडून घर डोक्यावर घेतलंस. अक्का म्हणाली, नेऊं नको. मी नेली. तिरुवैयारुपर्यंत आणि परत, कडेवर. डोकं एवढं सुजलं होतं तुझं, घड्यासारखं, माझ्या खांद्याला चिकटलेलं." त्याने बोट त्या गोल काळ्यावर ठेवलं. "ही बघ तू."

चंद्रमतीने आपलं बोट पाठमोऱ्या आकृतीवर ठेवलं. "ही बाई..."

"बाई कोठली? मी आहे तो. नेसलेली वेष्टी भिजलीय, डोक्याला टॉवेल गुंडाळलाय."

"डावीकडे आहे," ती म्हणाली. पडताळ्याची शेवटची पायरी होती ती. "डाव्या हाताने काम करणारा डावीकडे कशाला घेईल?"

"अगं, दगडावर काढलं की कागदावर उलटं उतरतं. मी उजव्याच कडेवर घेतलंय तुला. डावा हात मोकळा लागायचा मला." तो हसला, मग हसू गेलं. "त्या वर्षी पानसुपारी झाली आणि मी रोज रात्री अक्काला सांगायचं ठरवायचो. सांगायचं काय? मुलगी वाईट? घर वाईट? जिला कडेवर घेतली तिला बायको कशी म्हणू, एवढंच होतं. आणि इथे सगळे तेच करतात, मग मला काय वेगळं झालंय? तोंडातून शब्द निघेना म्हणून पळालो. पुढे बारा-तेरा वर्षांनी ह्या दगडावर काम करताना सापडला. एकच शब्द. तमिळमध्ये लिहिला, पण मराठी. म्हटलं, जगात दोनच माणसांना हा वाचता येईल, अक्काला आणि चंद्राला. आणि तू वाचलास."

स्वयंपाकघराच्या दारात कमलाक्षी उभी होती. हातात कॉफीचा पेला, दुसऱ्या हातात वाटी. ती लेकीकडे बघत होती. चित्रातली बाई तिनेही बाईच समजली होती. ब्याऐंशी साली वेंकटरावांच्या घरी नकार घेऊन तीच गेली होती.

"होय ना चंद्रा?" तो म्हणाला. आवाजात एवढीशी भीती होती, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला न शोभणारी. "समजलं होतं ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं तो हलका होऊन जगला होता. तिच्या एका खरेदीवर. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते तिच्याजवळ तयार होतं. सगळी पंधरा वर्षं त्यात मावत होती.

"समजलं होतं, मामा," ती म्हणाली.

कमलाक्षीच्या हातातला पेला वाटीवर वाजला. त्याच्या मात्र काही लक्षात आलं नाही. तो आयुष्यभर मामाच होता, त्याला त्यात नवल काय? त्याने खाली वाकून, जीभ दातांत धरून, सावकाश लिहिलं. सहीच्या वर, तमिळ अक्षरांत: 'चि. चंद्रास, कडेवरून न उतरलेल्या. मामा.' लिहून झाल्यावर कागदावर फुंकर घातली. पेन्सिलीला फुंकर लागत नाही, पण सवय.

पाच वाजता रिक्षा आली. चढताना त्याचं डोकं टपाला लागणार, तसं तिने हात मध्ये घातला. "मामा, वाकून. मामीला घेऊन ये पुढच्या वेळी." दोन्ही शब्द तोंडात अगदी नीट बसले. आई म्हणाली होती तसं, आपसूक.

आत कमलाक्षी चटईवर बसली होती, चित्रासमोर. तिने लेकीला शेजारी बसायची खूण केली.

"त्याला सांगायचं होतंस," आई म्हणाली.

"काय सांगू? की मला मराठी येत नाही?"

कमलाक्षीने तिचा हात मांडीवर घेतला आणि बोटं एक एक करून दाबू लागली, ताप आलेल्या पोराची दाबतात तशी. चंद्रमती चित्राकडे बघत राहिली. तो उभा होता, सोळा वर्षांचा, ओल्या वेष्टीत. त्याच्या खांद्याला ते सुजलेलं डोकं. तिने चष्मा काढला. डोळे बारीक केले. उठून दारापर्यंत गेली आणि तिथून पाहिलं. मग उजवीकडून, मग डावीकडून. अंबाडा पाहिजे होता, टॉवेल दिसत होता. घडा पाहिजे होता, तो श्वास घेत होता.

"काय बघतेस गे?" आईने विचारलं.

"ती कोठे गेली ते," चंद्रमती म्हणाली.